गावंडे सरांचे उपास

मी कॉलेजात रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये माझा डबा फिरत होता. नव्या प्राध्यापिकेचा डबा पहिले काही दिवस सगळ्यांचा असतो, अशी तिथली रीत होती आणि ती पाळताना मला कोणी विचारलं नव्हतं. थालीपिठं हातोहात संपत आली. डबा खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेला आणि तिथे अडला. खुर्चीत उंच, सावळे, खांद्यात किंचित वाकलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी थालीपिठाकडे फार मायेने पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "आज नको. आज उपास आहे."

मला नवल वाटलं. ना चतुर्थी, ना एकादशी, ना सोमवार. बिबवेवाडीत राहत असले तरी माझं माहेर पुण्याच्या जुन्या पेठांमधलं, त्यामुळे एवढं पंचांग मला भिंतीकडे न बघता कळतं. "कसला उपास?" मी विचारलं.

"आहे एक," ते म्हणाले आणि भांडंभर पाणी पिऊन उठले.

हे गावंडे सर, मानसशास्त्राचे विभागप्रमुख. विभाग आमचा दोघांचाच, त्यामुळे ते प्रमुख होते म्हणजे फक्त माझे प्रमुख होते. मूळचे दर्यापूरकडचे, वऱ्हाडातले. बहिणीचे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये राहून सरांनी पुण्यात नोकरी शोधली आणि पुढे खडकीतच बिऱ्हाड केलं. रोज लोकलने शिवाजीनगरला उतरत आणि तिथून चालत येत. वर्गात अगदी छापल्यासारखी मराठी बोलत. पण आनंद झाला, राग आला किंवा भूक लागली की वऱ्हाडी बाहेर पडे. उपासाच्या दिवशी त्यामुळे ती जास्त ऐकू येई.

त्या उपासाचा उलगडा मला त्याच दुपारी झाला. आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होती. दार उघडलं की आधी वास यायचा आणि मग जाळीच्या पिंजऱ्यांतले पांढरे उंदीर दिसायचे. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक चाललं होतं. प्लायवूडचा चक्रव्यूह, त्याच्या एका टोकाला उंदीर, दुसऱ्या टोकाला खाणं, आणि उंदीर वाट कशी शिकतो ते बघायचं. पोट भरलेला उंदीर धावत नाही, म्हणून आदल्या दिवसापासून त्याचं खाणं बंद ठेवायचं. एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, सरांनी पण कालपासून काही खाल्लेलं नाहीये. आणि आम्ही पण."

सरांचा नियमच होता तसा. जो उंदराला उपाशी ठेवेल त्याने तितकाच वेळ स्वतः उपाशी राहायचं. पाणी चालेल, कारण पाणी उंदरांनाही असे. साबुदाण्याची खिचडी चालणार नाही, कारण उंदरांना ती कोणी देत नव्हतं. ज्याला झेपणार नाही त्याने नुसतं बसून वेळ नोंदवायची, त्याचे मार्क कापले जात नसत. प्रयोग संपला की आधी त्यांचं ताट, मग आपलं.

"सर, याने प्रयोगात काय फरक पडतो?" मी विचारलं.

"प्रयोगात काहीच नाही. करणाऱ्यात पडतो. आधी पोरं काम झालं की सरळ कॅन्टीनले पळत. उंदीर तसेच राहत उपाशी. मले घरून परत यावं लागे खायला घालायले. आता पाहा तुम्ही."

मी पाहिलं. शेवटचा उंदीर खाण्यापर्यंत पोचताच मुलं अशी धावली की जणू पिंजऱ्यात त्यांचेच सख्खे भाऊ होते. एवढ्या तत्परतेने घरच्यांना वाढलं असतं तर आयांनी दृष्ट काढली असती.

"हे स्टाफरूममध्ये सांगत का नाही?"

"सांगितलं की अर्धे हसतील आणि अर्धे पाया पडतील," सर म्हणाले. "दोन्हीनं काम खोळंबते."

त्यांची दुसरी सवय मला जास्त गमतीची वाटे. विद्यार्थ्यांना ते 'काऊन बे', म्हणजे 'का रे', म्हणत आणि उंदरांना 'अहो'. "अहो, या असे. अहो, घाबरू नका, वजनच करायचं आहे." एकदा एका मुलाने धीर करून विचारलं की सर, आम्हाला बे आणि उंदराला अहो, हे कसं काय? सर म्हणाले, "तू स्वतः फॉर्म भरून आलास. यांना कोणी विचारलं होतं? ज्याची परवानगी घेता येत नाही, त्याच्याशी निदान अदबीनं बोलावं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या पुण्यात आल्यावर हा एक शब्द मले कामाचा मिळाला."

उंदरांना नावं ठेवायची मात्र सक्त बंदी. नाव ठेवलं की लळा लागतो आणि लळा लागला की आकडे बदलतात, असं त्यांचं म्हणणं. उंदरांना फक्त नंबर. पुढे आलेल्या एका तुकडीत एक सात नंबर होते. (पाहा, मलाही ती सवय लागली आहे.) बाकीचे उंदीर चार-दोन चकरांत वाट शिकत. सात नंबर अर्ध्यापर्यंत झोकात येत आणि मग एका बंद गल्लीत वळून निवांत तोंड धूत बसत. मुलांनी निरीक्षणात लिहिलं, 'उंदीर चुकला.' सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "चुकला कशावरून? त्याला तिथे बसायचं असंल. तू पाहिलं तेवढं लिही, तुझी निराशा लिहू नको."

कोणाला वाटेल, इतका जीव लावणारा माणूस प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विरुद्ध असेल. मलाही तसंच वाटलं होतं. एका वर्षी मी मुलांपुढे जोशात बोलले की हे सगळे प्रयोग म्हणजे क्रूरपणा आहे, माणसाचं मन उंदरात काय शोधायचं? सर मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी तिथूनच हात वर केला. मी "हं, बोला," म्हटलं. प्रमुखांना आणखी काय म्हणणार?

ते पुढे आले आणि माकडाच्या पिल्लांचा तो प्रसिद्ध प्रयोग सांगू लागले. आईपासून तोडलेलं पिल्लू. त्याच्यापुढे दोन खोट्या आया, एक नुसत्या तारेची पण दूध देणारी, दुसरी मऊ कापडाची पण कोरडी. पिल्लू दुधापुरतं तारेकडे जाई आणि बाकी सगळा वेळ कापडाला बिलगून राही. घाबरलं की कापडाकडेच धावे.

"यातून कळलं की लेकराला दूध पुरत नाही, कूस लागते," सर म्हणाले. "माझ्या आईला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. तुमच्याही आईला असेल. पण तेव्हाचे मोठमोठे विद्वान सांगत होते की मुलाला फार जवळ घेऊ नका, लाडावतं. दवाखान्यात, अनाथाश्रमात लेकरं एकेकटी पाळण्यात पडून राहत. तिथे कोणी आयांचं ऐकलं नाही. माकडाचं ऐकलं. मग ते पिल्लू वाया गेलं म्हणायचं का?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "नाही सर, उपयोग झाला."

"झाला ना? मग आता त्या पिल्लाला जाऊन सांग, की तुझी आई आम्ही काढून घेतली ते बरं केलं."

उत्तर काय, असं मुलांनी तास संपेपर्यंत विचारलं. सर म्हणाले, "मले येत असतं तर मी कशाला तुमच्यापुढे उभा राहिलो असतो?" मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला होता. माझं सुरेख भाषण त्यांनी पाण्यात घातलं होतं. पण त्या वर्षी मुलं ग्रंथालयात भांडताना ऐकू येत आणि ती याच विषयावर भांडत असत.

अभ्यासक्रमात विजेच्या हलक्या झटक्याचंही एक प्रात्यक्षिक होतं. त्याला नियम एकच. ज्याला ते करायचं असेल त्याने आधी स्वतःचा तळहात त्या तारांवर ठेवायचा. सर स्वतः आधी ठेवत. मग एखादा धीट मुलगा पुढे होई, "सर, एवढं काय त्यात," म्हणे आणि पुढच्या क्षणी हात झाडत मागच्या भिंतीला टेकलेला असे. त्यानंतर ते प्रात्यक्षिक करायला कोणी पुढे येत नसे. सर दरवर्षी शांतपणे लिहीत, 'विद्यार्थ्यांची इच्छा नसल्याने घेतले नाही.'

आता पटवर्धन बाईंकडे वळायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. पटवर्धन बाई तर्कशास्त्र शिकवत. कडक इस्त्रीची सुती साडी, त्याहून कडक जीभ. स्टाफरूममध्ये कोणी सैल विधान केलं की चष्म्यावरून बघत म्हणत, "कशावरून?" भलेभले त्यांच्यापुढे हवापाण्याबद्दलही जपून बोलत.

त्यांचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये होता. त्या काळी पेठेतल्या प्रत्येक घरातला एक मुलगा कॉम्प्युटरमध्ये होता आणि उरलेला क्लास लावून त्याच वाटेवर होता. अमेरिकेतल्या कंपनीने बाईंच्या मुलाला बोलावलं, बॅगा भरल्या गेल्या, लोणची सुद्धा बांधली आणि व्हिसा अडकला. बाईंनी चतुर्थ्या केल्या, सोळा सोमवार केले. व्हिसा हलेना.

अशा वेळी त्यांची नजर गावंडे सरांवर गेली. हा माणूस कोणत्याही कॅलेंडरात नसलेल्या दिवशी उपास करतो. साबुदाणा नाही, चहा नाही, नुसतं पाणी. विचारलं तर नाव सांगत नाही. बाईंनी तर्क लढवला. नाव न सांगण्यासारखं व्रत म्हणजे गुप्त व्रत. पुण्यात माहीत नाही म्हणजे वऱ्हाडातलं. इतकं कडक आहे म्हणजे फळ देणारं. तर्कशास्त्र शिकवणारी बाई एवढ्या तीन पायऱ्या चढली आणि तिथून सरळ खाली पडली. सरांनी चहा नाकारला की बाईही आपला कप सरकवू लागल्या. एका अक्षराने कोणाला कळू न देता त्या अख्खं सत्र आमच्या प्रात्यक्षिकांच्या वेळापत्रकावर उपाशी राहिल्या.

आणि व्हिसा मिळाला.

बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या विभागात आल्या. "गावंडे, तुमच्या व्रताने माझ्या मुलाचं काम झालं. व्रताचं नाव मी विचारत नाही, विचारायचं नसेल तर. फक्त उद्यापन कसं करायचं तेवढं सांगा."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात कबुतरांचा प्रयोग शिकवला होता. पेटीतल्या कबुतराला ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतात, ते काहीही करो. पण दाणे पडताना जे कबुतर योगायोगाने गिरकी घेत असतं, त्याला वाटतं गिरकीमुळेच दाणे आले. मग ते दिवसभर गिरक्या घेत बसतं. ते कबुतर आता हातात पेढे घेऊन आमच्यापुढे उभं होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण हसू आवरत नव्हतं.

सरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "उद्यापन असं, की ज्याच्यासाठी उपास धरला त्याला जेवू घालायचं."

"कोणाला?"

"वेळ आली की सांगतो."

बाई गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "मी खोटं तर नाही ना बोललो बाप्पा?" हे त्यांनी त्या दिवशी मला तीनदा तरी विचारलं असेल.

वेळ आली ती कॉम्प्युटरमधूनच. नव्या प्राचार्यांना कॉलेज नव्या जमान्याचं करायचं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी परवानग्या आणि समित्यांचे नियमही तेव्हा कडक होऊ लागले होते. प्राचार्यांनी आमचाच एक जुना विद्यार्थी समीर याला बोलावलं. समीर मानसशास्त्र सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेला होता. त्याने पडद्यावर धावणारा एक उंदीर तयार केला. बटण दाबलं की उंदीर चक्रव्यूहात शिरे, शिके आणि आलेखही आपोआप निघे. प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर बसवायचे असा बेत होता. सर आकाशपाताळ एक करतील म्हणून प्राचार्यांनी मला आधीच समजूत घालायला सांगून ठेवलं होतं.

सर समीरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि अख्खी दुपार उठलेच नाहीत.

"हा थकत नाही काय बे?"

"टाकता येईल सर. थोडं कोडिंग लागेल."

"कंटाळत नाही?"

"ते पण टाकतो."

"मधेच बसून तोंड नाही धूत?"

समीरने तिथल्या तिथे तेही टाकलं. पडद्यावरचा उंदीर बंद गल्लीत बसून तोंड धुवायला लागला तेव्हा सर लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी विचारलं, "याला भूक लागते?"

"लागते सर. म्हणजे तो एक नंबर असतो फक्त. आपण सेट करायचा."

"दुखत नाही ना कुठे?"

"नाही सर."

सर तडक प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "खोली घ्या." प्राचार्य इतके गडबडले की त्यांनी तयार केलेलं उत्तर तरीही देऊन टाकलं.

मी मात्र ते परतताच त्यांना समीरसमोरच गाठलं. इतकी वर्षं ज्याची बाजू लावून धरली ते एका दुपारीत सोडलं? ते म्हणाले, "जे उत्तर पुस्तकात छापलेलं आहे ते पुन्हा विचारण्यासाठी दरवर्षी जीव वेठीला का धरायचा? आजवर दाखवायला दुसरी वाट नव्हती. आता आहे. वाट असताना नाही गेलो तर ती नुसती माझी सवय झाली." मग समीरकडे बोट दाखवून म्हणाले, "पण याच्या उंदरातून यानं टाकलं तेवढंच निघंल. नवं काही तो सांगणार नाही. ज्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही आणि ज्यानं कोणाचं दुखणं हलकं होईल, ते विचाराले खराच जीव लागंल अजून. तेव्हा विचारावं, पण हात जोडून." माझं सगळं समाधान झालं असं नाही. पण त्यांचंही झालेलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

आता प्रश्न राहिला उंदरांचा. प्राचार्यांनी महिन्याच्या आत 'त्यांची काय ती व्यवस्था' लावायला सांगितली. प्रयोगशाळांत व्यवस्था म्हणजे काय ते आम्हा दोघांना माहीत होतं. झाकणाची बरणी आणि क्लोरोफॉर्मचा बोळा. पाळलेले पांढरे उंदीर बाहेर सोडले तर एक दिवसही टिकत नाहीत आणि पुरवठा करणारा ते परत घेत नाही.

"एकदा लावली आहे ती व्यवस्था," सर म्हणाले. "नागपूरला एम.ए.ला होतो तेव्हा. आकडे फार सुरेख आले होते. प्रश्न काय होता तो आता आठवत नाही." मग ते पिंजऱ्यांकडे वळले. "यातला एकही मी मारणार नाही. यांना मी बोलावलं आहे. पाव्हण्यासारखं घालवीन."

मग सुरू झालं स्थळसंशोधन. विद्यार्थ्यांनी घरी विचारायचं, सर जाऊन घर बघणार. मांजर आहे का, पिंजरा कुठे ठेवणार, सुट्टीत गावाला गेलात तर कोण बघणार? नर आणि मादी एका पिंजऱ्यात द्यायचे नाहीत, नाहीतर पुढच्या पिढीसाठी पुन्हा वणवण. मुलींच्या लग्नात बाप एवढी चौकशी करत नाहीत. आमच्या बिबवेवाडीतल्या एका घरी मीही बरोबर गेले होते. मुलीचे आजोबा निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पोहे पुढे केले आणि थंडपणे विचारलं, "या इमारतीत आम्ही वर्गणी काढून उंदीर मारतो. तुम्ही एक आणून देताय. तुमच्या घरात उंदीर झाले तर काय करता?"

"मारतो," सर म्हणाले.

"मग?"

"घरच्या उंदराशी माझं भांडण आहे, गुरुजी. तो माझ्या ज्वारीवर येते, मी सापळा लावतो. यानं माझं काय खाल्लं? मीच याचं खाणं बंद करत होतो."

आजोबांनी पोह्यांची बशी सरांपुढे आणखी सरकवली आणि नातीला म्हणाले, "पिंजरा गॅलरीत ठेव. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी बघतो."

तरी सगळ्यांची सोय होईना. मुदत भरत आली आणि बरेच उंदीर उरले. सर दोन दिवस आणखी घरं हिंडले. खडकीचं घर भाड्याचं होतं आणि मालकाने साफ नकार दिला होता. शेवटी ते स्टाफरूममध्ये पटवर्धन बाईंपुढे जाऊन उभे राहिले, आणि सगळं सांगून टाकलं. उपास कसले, व्रत कुठलं, आणि व्हिसा कसा निव्वळ योगायोग, हे सगळं. कबुतरांचा प्रयोगही सांगितला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे मी सहा महिने उंदरांसाठी उपाशी राहिले."

"हो मॅडम."

"आणि तुमच्या हिशोबाने मी कबुतर."

"आपण सगळेच, मॅडम. मी तर दर वर्षी त्याच गिरक्या घेतो."

"तुमचं सोडा. माझी ॲसिडिटी कोणाच्या नावावर लिहायची?" बाई उभ्या राहिल्या. "व्रत कोणाचंही असो. उद्यापन बोललेलं आहे आणि बोललेलं उद्यापन सोडता येत नाही. किती उरलेत?"

मुलगा अमेरिकेला गेल्यामुळे त्यांच्याकडे एक खोली रिकामी होती. त्या खोलीत, जिथे त्याचं कॉम्प्युटरचं टेबल होतं तिथे, पिंजरे गेले. बाई रोज सकाळी पूजा झाली की त्यांना वाढत आणि अमेरिकेतून फोन आला की मुलाला म्हणत, "तुझ्या खोलीतली मंडळी मजेत आहेत." सर दर रविवारी तिथे जात. फक्त सात नंबरांना त्यांनी कोणाला दिलं नाही. घरमालकाची नजर चुकवून ते त्यांना खडकीला घेऊन गेले. नाव न ठेवताही लळा लागतो, हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं आणि त्याबद्दल मी त्यांना भरपूर चिडवलं.

वर्षभरात सर निवृत्त झाले आणि पुण्याबाहेर मांजरी गावाला, उसाच्या शेतांच्या कडेला झालेल्या नव्या वसाहतीत राहायला गेले. ऊस शेजारी आणि मधुमेह घरात, असं सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत. एके दिवशी वहिनींचा मला फोन आला. सात नंबर फार म्हातारे झाले होते आणि कालपासून जेवत नव्हते. म्हणून सरही जेवत नव्हते. "मधुमेहाची गोळी घेतली आणि वरून उपाशी बसले. माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी या."

मी पटवर्धन बाईंना घेऊन हडपसरला बस बदलून मांजरीला पोचले. सर गॅलरीत स्टुलावर बसले होते. समोर पिंजरा. सात नंबर कापसाच्या गादीवर पडून होते, पोट हलकेच वरखाली होत होतं. सरांचा चेहरा उतरला होता आणि शर्ट घामाने भिजला होता. मला खरोखर भीती वाटली.

"त्याईले भूक नाही," सर म्हणाले. "मग मी कसा जेवू? नियम हाय."

मी काकुळतीला आले, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. पटवर्धन बाई मात्र खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो गावंडे, नियम काय आहे तो नीट सांगा."

"उंदीर उपाशी, तर आपण उपाशी."

"चूक. जो उंदराला उपाशी ठेवतो त्याने उपाशी राहायचं. यांना तुम्ही उपाशी ठेवलंय का?"

सर गोंधळले. "नाही. वाटीत दाणे हायेत."

"पिंजऱ्याचं दार?"

"उघडं हाय."

"म्हणजे यांना कोणी ठेवलेलं नाही. हे स्वतःच्या मर्जीने जेवत नाहीयेत. जन्मात पहिल्यांदा यांनी स्वतःचा उपास धरलाय, आणि तुम्ही त्यातही वाटा मागताय?"

सर पिंजऱ्याकडे वळले. सात नंबरांनी एक डोळा किलकिला केला, पुढचे पाय अवघडत उचलले आणि तोंड धुतलं. अगदी पूर्वीसारखं, बंद गल्लीत बसल्यासारखं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "हा तर्क बरोबर हाय तुमचा."

"कशावरून?" बाई म्हणाल्या, आणि मग त्याही हसल्या.

सर स्टुलावरून उठले, पिंजऱ्याशी वाकले आणि हात जोडले. "अहो, आम्ही बसतो हं जेवायले." मग आत बघून ओरडले, "वाढ वं!" वहिनींनी इतक्या घाईने ताट आणलं की वरण बाहेर सांडलं.

परतीच्या बससाठी आम्ही निघालो. रस्त्यावरून मी वळून पाहिलं. सर गॅलरीतच ताट घेऊन जेवत होते. भाकरीचा एक तुकडा मोडून त्यांनी पिंजऱ्याच्या उघड्या दाराशी ठेवला, आत सरकवला नाही, नुसता ठेवला, आणि पुन्हा आपल्या ताटाकडे वळले. सरांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.